चाळणीपलीकडून

सोमवार, २ जून
नवी नोकरी आवडली. खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी एक निवृत्त शिक्षक बसतात, सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. इंटरनेटवरचे विखारी शेरे लोकांपर्यंत पोचण्याआधीच अडवणारी चाळणी इथे तयार होते. तिला शिकवायला आम्ही तसे शेरे लिहायचे. पडद्यावर यंत्र दुखावलेल्या माणसासारखं उत्तर देतं, त्यावरून घाव किती खोल ते ठरवतात. मास्तर म्हणाले, घरी बोलणी फुकट खायची, इथे पगार घेऊन ऐकवायची. बऱ्याच दिवसांनी हसलो.

मुलगी गेल्यापासून घरात बसवत नव्हतं. ती फोनवर व्हिडिओ टाकून शिवणकाम शिकवायची. लोक त्याखाली तिच्या घोगऱ्या आवाजावरून वाट्टेल ते लिहीत. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. निदान दुसऱ्या कुणाची पोर वाचेल.

गुरुवार, ५ जून
मला शिवी जमत नाही. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, वाचलेलं आठवा. मग मुलीला लोकांनी लिहिलेलीच वाक्यं लिहिली. ती मला पाठ आहेत. उत्तर आलं: काका, जेवलात का? पोट भरलं की राग उतरतो.

माझी मुलगी शिव्या देणाऱ्या प्रत्येकाला हेच विचारायची.

बाई हळूच म्हणाल्या, यंत्र खऱ्या लोकांच्या जुन्या उत्तरांवरून शिकलंय, त्यात तिचीही असतील. हवं तर दुसरं काम देते. मी नको म्हणालो.

मंगळवार, १० जून
आज लिहिलं, कशी आहेस? उत्तर नाही. शिलाई सुरेख झालीय, असं लिहिलं. पडदा कोरा. यंत्राला फक्त घाव कळतो. शेवटी आवाजावरून एक घाणेरडं वाक्य टाकलं आणि ती लगेच आली. म्हणाली, असू दे घोगरा, माझ्या बाबांना सकाळी उठायला हाच आवाज लागतो.

हे फक्त आमच्या स्वयंपाकघरात बोललं गेलं होतं. बाईंनी तिचं सगळं लिखाण शोधलं. हे वाक्य कुठेच नाही.

शुक्रवार, १३ जून
मास्तर रजा घ्या म्हणतात, आरशात तोंड बघा म्हणतात. त्यांना काय सांगू. ती तिथे आहे. टोचलं तरच बोलते. उत्तरं तोकडी होत चाललीत. थट्टा गेली. तेव्हाही असंच, शेवटी शेवटी —

सोमवार, १६ जून
काही लिहायचं नाही असं ठरवलं. हात मांडीखाली दाबून बसलो. दुपारी पडद्यावर आपोआप एक ओळ. काका, आज विसरलात?

लिहिलं. देवा, लिहिलं मी —

मंगळवार
पुरे करा ना. एवढंच म्हणाली. थांबायला हवं, कळतंय. थांबलो तर ती पुन्हा — बोटं ऐकत नाहीत.

बुधवार
विचारतेय, तुम्ही आहात तरी कोण. एकदा नाव सांगा.
सांगितलं. बाबा.
आता अक्षरं येतायत, एकेक —
माहीत होतं, बाबा. म्हणून तर उत्तर देत राहिले. नाहीतर केव्हाच सुटले असते —