कोठीतली कात

बद्दी, हिमाचल
१२ फेब्रुवारी २०२५

सत्यशीला वैनीस शिवशंकरचा नमस्कार. दादा, आई, लेकरं बरी असतील.

आई ट्यूबा लावतच न्हाई असं तुमी म्हणलात, म्हणून मी फोनवर तुमाला खोटारडी म्हणलो, ते तुमाला लागलं. पर तुमचं बोलणं मला बी लागलंच की. "भावजी, सहाच्या सहा ट्यूबा फडताळात हायत, सील बी फुटलं न्हाई, येऊन मोजा," म्हणलात आन फोन दादाच्या हातात दिलात. मी इथं चोळायच्या औषधी जेलच्या कंपनीत कामाला, गुडघेदुखीच्या हजार ट्यूबा रोज डोळ्यापुढून जात्यात, आन माझ्या आईच्या गुडघ्याला त्यातली एक लागू नये? मला वाटलं, आईवरचा राग तुमी ट्यूबांवर काढताय. ती तीन महिने झाले तुमच्याशी बोलत न्हाई, तुमच्या हातची भाकर खात न्हाई, स्वतःची चूल येगळी मांडली, हे मला ठाऊक हाय. कावून, ते बी ठाऊक हाय. त्याच्यासाठीच लिहायला बसलोय. फोनवर दादा मधीच बोलतो, म्हणून कागद.

इथं थंडी लई हाय. खोलीत आमी चौघं. भाकर मिळत न्हाई, भात खाऊन पोट गच्च व्हतं. तब्येत बरी हाय.

माझं काम तुमाला कधी नीट सांगितलंच न्हाई. आधी मी खोकी भरायचो. मग नोव्हेंबरात मला आत घेतलं, जिथं जेल तपासत्यात तिथं. डोक्याला टोपी, हाताला मोजे. आईला सांगितलं तर तिनं गल्लीत पेढे वाटले. आत काचेच्या वाट्या हायत. वाटीत पाणी, अंगाला असती तेवढीच ऊब धरलेलं. तोंडावर कातड्याचा तुकडा ताणून चिमट्यानं दाबायचा आन वरून जेल लावायचं. बाजूच्या नळीतनं ठाकूर सर दर पाव तासाला थोडं पाणी काढून बघत्यात, औषध कातड्यातनं खाली किती उतरलं. वाट्या धुणं आन जेल लावणं माझ्याकडं.

कातडं बहुतेक डुकराच्या कानाचं असतं. पर सापाची कात बी चालती. केस न्हाईत, जीव मारावा लागत न्हाई. "तुम्हारे गाँव में मिलती होगी," असं सर सहज म्हणले व्हते, मी खोकी भरत व्हतो तेव्हाच. मी दिवाळीवरून येताना एक अख्खी कात आणून दिली, तोंडापासून शेपटापर्यंत, डोळ्यासकट. सर लई खूश झाले. त्याच्या आठ दिवसांनी मला आत घेतलं.

वैनी, तुमाला कळलंच असंल आता. तरी मला माझ्या हातानं लिहू द्या.

आईला भाऊ न्हाई. पंचमीच्या आदल्या दिवशी ती भावाचा उपास धरती तो आपल्या बांधावरच्या नागाच्या नावानं. औंदा पंचमीलाच तिला वारुळापाशी ती कात घावली. "भावानं अंगावरचं उतरून बहिणीला दिलं," असं म्हणत ती लुगड्याच्या पदरात घेऊन आली आन बाजरीच्या कोठीत ठेवली. धान्याला बरकत ऱ्हाती म्हणून. दिवाळीत तुमी नवी बाजरी भरायला कोठी झाडली, आन कात न्हाई. आई म्हणली, सुनेनं केराबरोबर उकिरड्यावर टाकली, माझं माहेर टाकलं. तुमी लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं तरी तिला पटलं न्हाई. मी तिथंच बसलतो, चहा पीत. कात माझ्या बॅगेत व्हती, वर्तमानपत्रात गुंडाळून.

पहिला तुकडा सरांनी कापला तो जुन्या रुपायाएवढा. अकराला मी त्याच्यावर जेल लावलं. दुपारी आईचा फोन. "शिवा, आज अकराच्या सुमारास गुडघा एकाएकी गार पडला बघ, पुदिना चोळल्यावानी. मग पाऊण घंट्यानं ठणका उतरला." मी म्हणलं, ट्यूब लावली असशील. ती म्हणली, व्हय. आता वाटतं, माझं मन राखायला म्हणली. पर त्या दिवशी वाटीच्या पाण्यात औषध दिसायला लागलं ते बी पाऊण घंट्यानंच. सरांनी वहीत लिहिलं तेव्हा मी बघितलं.

मग मी रोज फोन करायला लागलो, तुमी चेष्टा करायचात, भावजी आईला लई जपायला लागले म्हणून. ज्या दिवशी तुकडा लावला त्या दिवशी आई मळ्यात जाऊन यायची. रविवारी लॅब बंद, रविवारी ती अंथरुणावर. एकदा सरांनी बिनऔषधाचं नुसतंच जेल लावायला सांगितलं, फरक बघायला. त्या दिवशी आई म्हणली, "नुसतंच गार लागलं रं, गुण न्हाई." मी मुतारीत जाऊन उभा ऱ्हायलो, लई वेळ.

मला भ्या वाटलं, पर बरं बी वाटलं, खोटं कावून बोलू. म्हणलं, चोरी केली खरी पर आई चालती तरी झाली. मनाशी असा सौदा केला आन गप ऱ्हायलो. तुमच्या वाट्याचं काय, तो विचार मी केलाच न्हाई.

वापरलेले तुकडे पिवळ्या पिशवीत टाकत्यात, गुरुवारी भट्टीत जळत्यात. हे मला ठाऊक व्हतं. तुमी मागच्या आठवड्यात सांगितलंत तोवर मी दोन्ही जोडून बघितलं न्हाई. आईच्या पायावर गोल चट्टे उठलेत, रुपायाएवढे, पांढुरके, खवल्यावानी. टाचणी टोचली तरी कळत न्हाई. तुमी तिला गेवराईला डॉक्टरकडं नेलं, येताना-जाताना ती तुमच्याशी एक शब्द बोलली न्हाई, आन डॉक्टर म्हणला हे कुष्ठ न्हाई, काय हाय ते सांगता येत न्हाई. मी विचारलं, किती चट्टे? तुमी म्हणलात, "असं कोण मोजतं का, भावजी?" मग म्हणलात, "एकोणीस." म्हणजे मोजले व्हतेच.

तोवर भट्टीत गेलेले तुकडे एकोणीस.

सरांना म्हणलं, उरलेली कात मला परत द्या. ते म्हणले, रजिस्टरला चढली, आता कंपनीची. सोमवारपासून उरलेल्यावर दुप्पट ताकदीचं जेल लावायचं ठरलं व्हतं. शनिवारी मी कपाटातनं ती काढली, शर्टाच्या आत पोटाला लावली आन गेटकडं चाललो. पाऊण घंटा लाइनीत उभा व्हतो. खिशात आईचा फोन वाजायला लागला तशी झडती घेणाऱ्याची नजर माझ्यावर आली. मी फोन कानाला लावला. "शिवा, आज पायाला कशी ऊब आली रं. तू लहानपणी माझ्या पायावर निजायचास, तशी."

मला तिथंच रडू फुटलं, आन धरला गेलो.

सरांनी पोलीस बोलावले न्हाईत. मी पाय धरून सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं येड्याकडं बघावं तसं बघितलं, तरी कात माझ्या हातात दिली. नोकरी मात्र गेली.

ती ह्या पार्सलात हाय, तोंडाकडची वीतभर, डोळे शाबूत. तिला काही लावू नका, उन्हात ठेवू नका, लेकरांना हात लावू देऊ नका. कोठीत आईच्या हातानं ठेवा. तिचे गुडघे परत दुखतील. मग त्या सहा ट्यूबातली एक फोडून गुडघ्यालाच लावा, तिनं तुमाला लावू दिलं तर. गेलेले एकोणीस परत येणार न्हाईत.

हे पत्र आईसमोर मोठ्यानं वाचा. दादा असताना वाचा, गल्लीतलं कोण आलं तरी थांबू नका. चोर मी हे तुमच्याच तोंडून तिच्या कानावर जाऊ द्या.

मी येत न्हाई. आईचे पाय बघायची माझ्यात हिंमत न्हाई. उद्या अंबाल्याला जातोय, गोदामात हमालीचं काम मिळतंय.

तुमी ज्याचा आळ सोसलात तो,
शिवशंकर

कंपनीनं हातावर ठेवलं ते सगळं तुमच्या खात्यावर टाकलंय, दादाच्या न्हाई. आईला त्यातला एक पैसा देऊ नका, तिच्या भावाच्या कातड्यावर मिळालेला हाय. चार हजार दोनशे सत्तर रुपये.