वन्सं, मी स्मोकर घेतला

रविवार, ९ मार्च

प्रिय वन्सं,

नमस्कार. गुडघा कसा आहे? पट्टा बांधताय, की कपाटात ठेवून दिलात? इकडे मी ठीक. न्हाणीघरातला नळ गळतोय, पण आता त्याची सोबत वाटायला लागलीय, म्हणून दुरुस्त करून घेत नाही.

दवाखान्यातून निवृत्त झाले, हे फोनवर सांगितलंच होतं. नोंदणीच्या खिडकीत बसून बसून माझी पाठ त्या खुर्चीच्या आकाराची झाली होती. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून विचारलं, "बाई, आठवण म्हणून काय हवं? मिक्सर? पंखा?" मी काय मागितलं ते लिहायला मघापासून पेन धरून बसलेय. स्मोकर मागितला. म्हणजे मासे, कोंबडी, असलं काहीबाही लाकडाच्या धुरात हळूहळू शिजवायचं भांडं. तुमच्या कपाळावरची आठी मला इथून दिसतेय.

तुम्हाला वेगळं काय सांगायचं? ह्यांच्या छातीच्या दुखण्यात आपल्या घरात मेणबत्तीसुद्धा पेटली नाही. कढईत तेल तापलं, तरी आधी मी त्यांच्या खोलीचं दार लावायची. तुम्ही त्यांच्या उशाशी बसायला यायचात तेव्हा तुम्हीही लावायचात. सगळं उकडून, वाफवून. ते गेल्यावरही मी उकडलेलंच खात राहिले. हाताला तेच वळण लागलं होतं. मग एकदा आमच्या एक्स-रेवाल्या बाईंनी डब्यात धुरावलेला मासा आणला आणि मला एक घास दिला. वन्सं, त्या दुपारी मी निम्म्या पेशंटांची नावं चुकीची लिहिली.

निवडायला मीच दुकानात गेले; तिथली मुलगी मोठी गोड होती. तीन प्रकार दाखवले. एक गॅसवर ठेवायचा, चपटा, डब्यासारखा. पण त्याचा धूर घरातच राहणार, म्हणून तो नको म्हटलं. दुसरा विजेचा, कपाटासारखा. "आजी, बटण फिरवायचं, लाकूड भरायचं, दार लावायचं आणि विसरून जायचं." तिसरा कोळशावरचा, काळा, पिंपासारखा, झाकणावर तापमानाचा काटा. त्याच्याजवळ बसावं लागतं. खालची झडप थोडी उघड, वरची थोडी मिट, कोळसा घाल. मुलगी सारखी विजेचाच घ्या म्हणत होती. मी पिंपासारखा घेतला. विसरून जायच्या वस्तू घरात पुष्कळ आहेत. मला जवळ बसायला लावणारं काहीतरी हवं होतं.

मागच्या अंगणात ठेवलाय. पहिल्याच दिवशी फजिती. लाकूड कुठून आणायचं सुचेना, म्हणून माळ्यावरची जुनी फळी फोडून टाकली. असा पांढरा दाट धूर निघाला की तळमजल्यावर फर्निचर दुरुस्तीचं दुकान आहे ना, तिथले सुतार पाण्याची बादली घेऊन धावत आले. माझ्या हातात चिमटा, त्यांच्या हातात बादली.

"आग कुठाय?" ते म्हणाले.

"आग नाही, कोंबडी आहे," मी म्हणाले.

त्यांनी फळीचा तुकडा उचलून वास घेतला. "पॉलिशवालं आहे हे. कोंबडी टाकून द्या. पोटात विष जाईल." मला इतकी लाज वाटली! पण ते हसले नाहीत. आत जाऊन पेरूच्या लाकडाच्या ढलप्या घेऊन आले. सुतारांकडे ढलप्यांची काय कमतरता! दुसऱ्या दिवशी सुतारांनी झडपेला मूठही बसवून दिली, कारण माझा हात भाजत होता. माशाला मीठ लावून, पुसून, वर चिकटसर पापुद्रा येईपर्यंत उघडा ठेवायचा, हे माहितीपत्रकात आहे. सुतार म्हणतात, लाकडाला पॉलिश करताना ते अगदी तसंच करतात.

आता मासा चांगला जमतो. अंडीही. उकडून, सोलून धुरात ठेवली की तपकिरी होतात.

पत्र पाठवा. रागावला असाल तर रागाचं पाठवा, पण पाठवा.

तुमची,
चिमणी

*

रविवार, ६ एप्रिल

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. धुराबद्दल एक अक्षर नाही, गुडघ्याबद्दल नाही. एकच ओळ: "एका पत्रात सुतार कितीदा आले, मोजलंस का गं?"

मोजायला पत्र तुमच्याकडे आहे. पण मला कळलं.

तेव्हा आता सरळच लिहिते. ते साठीचे आहेत. बायको फार पूर्वी सोडून गेली, तिच्याबद्दल वाईट बोलत नाहीत. बोलतातच कमी. पण एकदा वाद घातला की सोडत नाहीत. ढलप्या पाण्यात भिजवून टाकाव्यात असं त्यांचं ठाम मत. माहितीपत्रकात लिहिलंय कोरड्याच टाका. दोन रविवार भांडलो. शेवटी अर्धे मासे त्यांच्या पद्धतीनं, अर्धे माझ्या. ओल्या ढलप्यांनी नुसती वाफ आणि कडवट काजळी. त्यांनी माझा मासा खाल्ला, त्यांचाही संपवला आणि म्हणाले, "माझा मासा तुम्हाला देववत नाही." इतकंच. चुकलो असं काही तोंडातून निघालं नाही.

चांगला धूर दाट नसतो, वन्सं. निळसर असतो, जेमतेम दिसतो. तो मला पहिल्यांदा साधला त्या दिवशीचं तुम्हाला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, सांगितलं नाही. धूर निघाला आणि मी तशीच उठून जिना चढले आणि ह्यांच्या खोलीचं दार लावलं. लावून झाल्यावर लक्षात आलं. कडीवर हात ठेवून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मग दार उघडलं. खिडकीही उघडली. धुराची एक रेघ वाऱ्याबरोबर आत आली, पलंगावरून गेली. कुणी खोकलं नाही.

मी त्या पलंगावर बसून रडले. ते गेले तेव्हासुद्धा मी इतकी रडले नव्हते, तुम्ही पाहिलंय. खाली मासा थोडा करपला. सुतारांनी झडपा मिटून ठेवल्या होत्या. मी डोळे सुजवून खाली आले तर एवढंच विचारलं, "चहा ठेवू?"

आता मागच्या महिन्यात काय झालं ते ऐका. दुपारची वेळ. दुकानातली करवत एकदम बंद पडली आणि मग काहीच आवाज नाही. मी वरून हाक मारली, उत्तर नाही. खाली गेले तर ते भिंतीला टेकून बसलेले, डावा हात फडक्यात, फडकं लाल. रिक्षा करून आमच्याच दवाखान्यात नेलं. माझ्या खिडकीत नवी मुलगी बसलीय, मीच शिकवलेली. ती घाबरलीच. "बाई, तुम्ही! हे कोण तुमचे?"

वन्सं, तो प्रश्न मी जन्मभर लोकांना विचारला. पेशंटशी नातं काय? मान वर न करता विचारायची. कधी कुणी उत्तर द्यायला थांबलं, की मला राग यायचा. त्यात एवढा काय विचार करायचा?

मी म्हणाले, "शेजारीण आहे मी."

टाके पडले. बोटं शाबूत आहेत, करंगळी जरा वाकडी राहील म्हणतात. परतताना रिक्षात त्यांनी पट्टीचं टोक आत खोचलं. मग म्हणाले, "शेजारीण म्हणालात, ते बरोबरच आहे. पण मला ते पुरत नाही."

मी रिक्षावाल्याला वळण दाखवलं. उत्तर अजून दिलेलं नाही. ते रोज सकाळी उजव्या हातानं दुकानाचं दार उघडतात, मला बघून मान हलवतात, आणि पुन्हा विचारत नाहीत.

मला तुमची परवानगी नको आहे, हे आधी लिहिते, कारण नंतर धीर होणार नाही. एकोणसाठीची बाई आहे मी. मला कुणी अडवत नाही आणि अडवणारं कुणी उरलेलंही नाही. पण ह्यांच्या उशाशी आपण दोघी बसलोय. एक वारा घालत, दुसरी पाठ चोळत. तुम्ही पहाटे मला ढकलून झोपायला पाठवायचात. माझ्या आईनंही माझं इतकं केलं नाही. सुतारांना हो म्हटलं, तर मी तुमच्या भावाची बायको राहत नाही. मग मी तुमची कोण? ते घर जोडायचं आणि हे तोडायचं, असा सौदा असेल तर मला तो जमायचा नाही. मी आहे तशी बरी आहे. गळक्या नळासकट.

तुम्ही म्हणाल तसंच वागेन असं नाही, पण तुम्ही काय म्हणता ते कळल्याशिवाय मला त्यांच्याकडे बघवत नाही.

तुमचीच,
चिमणी

*

मंगळवार, २९ एप्रिल

चिमणे,

उत्तराला उशीर झाला. गुडघ्यामुळे नाही. मी रागावले होते.

तुझं पत्र खुर्चीत बसून वाचायला घेतलं आणि "कुणी खोकलं नाही" इथे आले. पुढे जाताच येईना. त्याचा खोकला मी तुझ्या कितीतरी आधीपासून ऐकलाय. पाळण्यात होता तेव्हापासून. पत्र घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवलं. राग कुणावर काढावा कळेना, म्हणून जावयावर काढला. बिचारा दोन दिवस माझ्यासमोर बूटसुद्धा हातात घेऊन चालत होता. शेवटी लेक म्हणाली, "आई, झालंय काय?" मी तिला पत्र वाचायला दिलं. तिनं वाचलं, डोळे पुसले आणि मला म्हणाली, "मामी तुला विचारतेय की तू तिची कोण. तू तिला अजून उत्तर दिलं नाहीस?"

त्या दिवशी दुपारी मी एकटी बसून उरलेलं वाचलं.

खरं सांगू? तू लग्न करशील याचा राग नव्हताच. तू सुखात पडशील, तुझे रविवार भरतील आणि मग मला पत्र कोण लिहील, ही धास्ती होती. तू तिकडे यालाच भ्यायलेलीस आणि मी इकडे यालाच. दोघींच्या वयाची बेरीज केली तर लाज वाटावी.

माझ्या भावाचं तू जे केलंस ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याचं काही देणं तुझ्याकडे राहिलेलं नाही. तो असता आणि त्याला श्वास असता, तर त्या पिंपाजवळ तोच पहिला खुर्ची टाकून बसला असता. मासा म्हणजे त्याचा जीव की प्राण होता, हे तुला ठाऊक नसेल. तुझ्या वाट्याला तो आला तेव्हा नुसतं उकडलेलंच खायचा.

त्या भल्या माणसाला ताटकळत ठेवू नकोस. हे पत्र वाचून झालं की खाली जा आणि बोल. हात बरा होईपर्यंत करवतीला शिवायचं नाही, हेही सांग, माझ्या नावानं. मी पुढच्या आठवड्यात येतेय. लेक गाडीत बसवून देणार आहे, तुम्ही दोघं उतरवून घ्यायला या. मासा मी खाईन, पण आधी त्याला समोर बसवून चार प्रश्न विचारीन. कुणीतरी विचारायला हवेत, आणि तुझ्याकडून आता मीच आहे.

आणि एक. वन्सं ही हाक मला भावामुळे मिळाली. तू ती इतकी वर्षं इतक्या मायेनं मारलीस की मी कधी तिचा विचारच केला नाही. आता आपल्या दोघींच्या मध्ये तो नाही, आणि उद्या दुसरं कुणी आलं तरी ते आपल्या मध्ये यायचं नाही. मला धाकटी बहीण नव्हती, चिमणे. गाडीतून उतरले की मला काय हाक मारायची, ते खाली लिहिलंय.

तुझी,
ताई