वीसपैकी शून्य

वारजे, आपलंच घर, वरचा मजला
२९ ऑक्टोबर २००७

तीर्थरूप आप्पांस,
तेजस्विनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपण खाली खुशाल आहात हे खोकल्यावरून कळतंय. मीही वर मजेत आहे. एका घरात राहून पत्र कशाला, असं म्हणाल. पण खाली आलं की तुमच्यापुढे चार पाहुणे आणि सहा कप चहा असतो, माझं बोलणं राहून जातं. पत्र उद्याच्या पेपरात घालून ठेवीन. हवं तर आधी पेपर वाचा.

चौकातला फ्लेक्स पाहिला. "उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" आप्पा, प्रवेशपरीक्षा येत्या शनिवारी आहे. हे मी म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "पोरगी हुशार हाय, परीक्षा काय पळून जातीय?" फ्लेक्सवर चौदा शुभेच्छुक हसताहेत आणि माझा फोटो दहावीच्या हॉल तिकिटावरचा. आई असती तर तिने बरा निवडला असता.

आता क्लासची बातमी. सदाशिव पेठेत सुनीतीबाई दर सोमवारी इंग्रजी सर्वनामांचे वीस प्रश्न देतात. 'हू' कुठे, 'हूम' कुठे, 'ही' कधी आणि 'हिम' कधी. चार पर्यायांतला एक निवडायचा. गेले तीन सोमवार मला शून्य मिळतंय. बाईंनी तुम्हाला बोलावून "हिला जमणार नाही" असं सांगावं, एवढाच माझा बेत होता.

आज त्यांनी मलाच थांबवून घेतलं. म्हणाल्या, "अहो तेजस्विनीबाई, ज्याला काही येत नाही त्याचेही अंदाजपंचे पाच बरोबर येतात. वीसच्या वीस चुकवायला वीसच्या वीस यावे लागतात. एवढ्या कष्टात घरी बोलून झालं असतं."

रडले मी, खोटं कशाला सांगू. अमेरिकेची भीती नाही मला. पण आई गेल्यापासून घरात आपण दोघंच. पाहुणे उठले की तुम्ही टीव्ही मोठा लावता आणि बघत नाही. मी गेल्यावर जिन्याकडे तोंड करून "तेजे, जेवलीस का?" असं कुणाला ओरडणार? तुम्हाला एकटं टाकून जायला माझं मन घेत नाही. आणि अमेरिकेचं तुम्ही चौदा जणांना सांगितलंत, मला विचारलं मात्र नाहीत.

शनिवारी सगळे बरोबर सोडवीन, बाईंना शब्द दिलाय. त्याआधी फ्लेक्स उतरवा आणि जायचं की नाही ते विचारायला एकदा वर या. गुडघे दुखतात, माहीत आहे. सावकाश या, पण एकटे या. चहा मी करते.

चौदा पायऱ्या वर, तुमची वाट बघणारी,
तेजू