काल्याने उठून दारात आले पाहिजे

मी, कै. ग्यानीराम तुरकर यांची पत्नी प्रेमिला, वय एकाहत्तर, राहणार आमगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, सकाळचा चहा घेऊन लिहिते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने आत्ताच भांडून पाहावे.

१. मेलेले पाळीव जनावर गोठवून, त्यातले पाणी ओढून, जसेच्या तसे वाळवणारे माझे मशीन मुलगी सोनिका हिला द्यावे. आधी ते टेम्पोत चढेल, मगच माझी तिरडी उठेल.

२. याचे कारण मुलगा ओमेश्वर. सोनिकाच्या बाळंतपणाला मी चार-पाच महिने रायपूरला होते. फोनवर विचारायची, "मनी कशी आहे रे?" तो म्हणायचा, "झोपून राहिली, माय." परत आले तर मांजर खाटेवर मुटकुळे करून पडलेले. मी खुळी दूध ठेवत राहिले. शेवटी उचलले, तर वजनच नाही! गावभरची कुत्री-मांजरे वाळवणाऱ्या बाईलाच पोराने मेलेली मनी वाळवून टोपी घातली. काम बरे केले होते, कान तेवढे बिघडवले.

३. राहते घर ओमेश्वरला. मात्र माझा म्हातारा कुत्रा काल्या आपल्या मरणाने मरेपर्यंत नीट सांभाळला तरच. दर बाजाराच्या दिवशी शेजारी चैतराम कटरे यांनी येऊन खात्री करावी. काल्या ओसरीवर बसलेला दिसला, एवढ्याने भागणार नाही. त्याने उठून दारात यावे आणि चैतरामभाऊंवर भुंकावे. वाळवलेला आढळल्यास घर सोनिकाचे.

४. सून चंचल हिला माझ्या पाटल्यांच्या जोडीतली एकच. मांजराचे तिला ठाऊक होते आणि रोज दूध ठेवताना मला बघून ती पदराआड हसायची.

५. काल्या मेल्यावर त्याला कोणीही वाळवू नये. लोकांची जनावरे वाळवून दिली, त्यांना बरे वाटले, माझे पोट भरले. माझ्या कुत्र्याला ते नको.

मनीबद्दल मी ओमेश्वरला दरडावून विचारले होते, "असं काऊन केलं रे?" म्हणाला, "बाबा गेले तवा तू जेवत नोहोती, माय. मले भेव लागला." अरे गाढवा, रडले असते, मग जेवलेही असते! तुझे बाबा गेल्यापासून तू स्वतः एकदा तरी रडलास का?

म्हणून काल्यासाठी बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली खड्डा ओमेश्वरनेच खणावा. खणताना त्याला रडू आले, तर कोणी त्याला उगी करू नये.

सही: प्रेमिला ग्यानीराम तुरकर

आमच्यासमोर सही केली, वाचून दाखवले, मध्ये दोनदा आम्हांला दटावले:
१) चैतराम कटरे, शेजारी
२) दुर्गाप्रसाद बोपचे, निवृत्त शिक्षक

आमगाव, १२ नोव्हेंबर २०२५