टेकडीवरच्या ओल्या पुंगळ्या

१२ एप्रिल १९४७, शनिवार

आले बाई एकदाची! बेचाळिसाव्या वर्षी नवरी होऊन बसमधून उतरले. वाटलं होतं गाव हसेल, पण गाव बटाटे लावण्यात गुंतलेलं. न्यायला एकटा नवरा, अल्वा. ट्रकचं माझ्या बाजूचं दार तारेनं बांधलेलं, म्हणून स्टिअरिंगमागून सरकत सरकत आत गेले. चांगली हॅट चेपली. अल्वा म्हणाला, हॅट दुसरी घेता येईल, दार मात्र असलंच राहणार.

घर लहान आहे, पण कोरडं आहे. मागे कोठार, त्याच्यामागे कुंपण आणि कुंपणापासून सेजच्या झुडपांची टेकडी. शेजारची ओपल सफरचंदाची पेस्ट्री घेऊन आली आणि मला नखशिखांत न्याहाळून म्हणाली की पहिली टिसडेलबाई, म्हणजे अल्वाची आधीची बायको, उंच होती. मी म्हटलं, वरच्या फळीवरचं काढायला मी स्टूल घेईन. ती हसली. जमेल आमचं.

लढाईभर मी काडतुसांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी होते. चर्चच्या जेवणात अल्वानं मला पहिला प्रश्न विचारला तो हा, की काडतुसाची चिरलेली पुंगळी नुसत्या नजरेनं ओळखता येते का. माझ्या डोळ्यांची चौकशी करणारा पहिला पुरुष! हो म्हणून टाकलं.

२० एप्रिल

कोठारात सवत नांदते आहे. लोखंडाची, माझ्याहून जड. अल्वा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. तिथल्या मोडीतल्या जॅकचा सांगाडा, गवताच्या गाडीच्या आसाचा दांडा आणि घरीच घडवलेले साचे, असं करून त्यानं गोळ्या दाबायची प्रेस उभी केली आहे. लढाई संपली तरी दुकानात गोळ्या मिळत नाहीत. गावच्या नेमबाजी क्लबातले सगळे कोठारात नाहीतर तळघरात असलं काहीतरी ठोकत बसलेत. बारक्या रायफलीच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, भट्टीत मऊ करायच्या, दाबून त्यांचं कवच करायचं, आत शिसं. बाकीचे फेकतात त्यातून हे लोक जीव लावून गोळी काढतात. मला आवडलं.

भिंतीवर जोडीच्या दोन रायफली आहेत. एक बापाची, एक लेकाची, मर्लची. मर्लबद्दल अल्वा आजवर ताकास तूर लागू देत नव्हता. आज कानस चालवता चालवता, मान खाली घालून, बोलला. पोरगा पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटावर हरवला. देह नाही, थडगं नाही. गेल्या वर्षी त्याचा एक सोबती भेटायला आला होता. त्यानं सांगितलं, मर्ल सगळ्यांच्या पुढच्या खड्ड्यात एकटा अडकला होता आणि काडतुसं मागत होता. 'अजून द्या, अजून द्या.' मध्ये एवढा गोळीबार की कुणाला सरपटतही जाता येईना. मग त्याचं मागणं थांबलं.

कानस थांबली नाही. मीच रडले. एवढ्या उशिरा मिळालेला माणूस आहे, ह्याला मी त्या खड्ड्यात जाऊ देणार नाही. ज्याला देव म्हणतात त्याला आज तेवढंच मागितलं.

४ मे

पहिल्या गोळ्या निघाल्या! क्लबातल्या ग्रोव्हर प्रुइटनं तिथल्या मैदानावरच्या पुंगळ्या बादलीभर आणून दिल्या. त्या मी निवडल्या, धुतल्या, भाजल्या. अल्वा दांडा ओढतो, मी साच्यात घालते आणि काढते. ग्रोव्हर उभ्या उभ्या म्हणाला, 'अल्वा, मधुचंद्राला लोक धबधबा बघायला जातात रे.' अल्वा म्हणाला, धबधब्याला नेम धरता येत नाही.

गोळी हातात घेतली तर अजून ऊबदार. कवचाच्या टोकाशी मूळ पुंगळीवरचा सुईचा ठोका पुसटसा उरतो. रायफलीच्या सुईनं जिथं मारलेलं असतं तो व्रण. कितीही दाबा, जात नाही पुरता. अल्वा म्हणतो त्यानं काही बिघडत नाही.

८ मे

एक गोष्ट लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल.

प्रत्येक रायफलीचा ठोका वेगळा असतो. कुणाचा चौकोनी, कुणाचा बारीक, कुणाचा तिरका. बादलीतल्या पुंगळ्यांवर नाना तऱ्हेचे ठोके होते, मी हातानं निवडलेत. पण तयार गोळ्यांवर एकच आहे. सगळ्यांवर. एका बाजूनं तुटलेला, अर्ध्या नखाच्या आकाराचा बारीक व्रण. मी भिंग घेतलं. मग चष्मा पुसला. मग परत भिंग घेतलं.

अल्वाला दाखवलं. तो शिडी लावून चढला. मग माळ्यावरून मर्लची लहानपणची रायफल काढून आणली. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढायचा नाही, हे इथं पोरांना चालता यायच्या आधी शिकवतात, कारण आत पुंगळी नसली की सुई लोखंडावर आपटते. मर्लनं पावसाळी दुपारभर खेळता खेळता तो ओढला आणि सुईचं टोक तुटलं. अल्वानं तेव्हा त्याच्या थोबाडीत मारली होती. त्या सुईनं एक पुंगळी ठोकून त्यानं माझ्या हातावर ठेवली.

तोच व्रण.

मी पुंगळी चटकन खाली ठेवली. अल्वा मात्र हसत होता. लग्नाच्या दिवशीही तो असा हसला नव्हता.

१२ मे

न्याहारी टाकून अल्वा मर्लची भिंतीवरची रायफल घेऊन टेकडी चढला. वर एक सपाट दगड आहे, मर्ल तिथं बसून बिळातली जनावरं टिपायचा. तिथं ती ठेवून आला. मी म्हटलं, गंजेल. तो म्हणाला, नाही गंजणार.

दुपारी मी मुद्दाम चढून पाहिलं. रायफल नव्हती. वाटलं, कुणीतरी उचलली. तसंच धरून चालणार आहे मी.

१६ मे

तो रोज ताजी काडतुसं भरतो आणि डब्यातून वर नेऊन ठेवतो. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा. दगडाभोवती झाडलेल्या पुंगळ्या, मर्लच्या रायफलीच्या. त्या आणून तो पुन्हा भरतो.

आज त्यानं झोळी माझ्यासमोर ओतली. पुंगळ्या ओल्या होत्या. त्यांना पांढरी वाळू चिकटलेली, कुटलेल्या शिंपल्यांची असावी तशी. चाखून पाहिलं. खारट. इथून समुद्र किती लांब! टेकडीवर दव पडलं तर देवाची कृपा, असला हा मुलूख.

अल्वा म्हणाला, 'व्हर्ना, पोचतंय त्याला.'

पोराला काडतुसं नेऊन देणाऱ्या बापाला काय सांगायचं असतं?

२१ मे

खात नाही. झोपत नाही. दांडा ओढून तळहात फुटलेत, त्यावर मी पट्ट्या बांधते आणि तो त्या सोडतो. मासेमारीची शिशाची वजनं वितळवून झाली. आज मोरीखालचा शिशाचा नळ कापला, आता खरकटं पाणी बादलीत पडतं. ओपल म्हणाली, बाई गं, ह्याला डॉक्टरला दाखव, हा गेल्या वर्षी असाच वाळत चालला होता. मी म्हटलं, लग्न होऊन दीड महिना झाला नाही, एवढ्यात नवरा दवाखान्यात दिला तर गाव काय म्हणेल! दोघी हसलो. मग ती निघून गेल्यावर मी मोरीशी बसून रडले. तो माझ्याकडे बघतो तेव्हा आरपार टेकडीकडे बघतो.

२५ मे

करून टाकलं. तो अंगणात तोंड धूत होता तेवढ्यात दांड्याची खीळ काढली आणि पिठाच्या पिंपात खोल पुरली. खिळीशिवाय प्रेस म्हणजे नुसतं लोखंड. तो चिडेल, दोन दिवस बोलणार नाही, मग जेवेल. पोरं रडतात, पण वाईट खेळणं काढून घ्यावंच लागतं.

२६ मे

चिडला नाही. हात जोडले. माझ्यासमोर, गुडघ्यांवर. म्हणाला, काडतुसं नसली तर पोराला मागे हटावं लागेल. मी दगडासारखी उभी राहिले.

वर जाऊन पाहिलं. आज पुंगळ्या दगडापाशी नाहीत. खाली आहेत, जुनिपरच्या झाडाजवळ. उताराला, घराच्या बाजूला.

२७ मे

अजून खाली. कोरड्या ओढ्यात.

सकाळी, लख्ख उन्हात, मी बार ऐकले. टेकडी समोर असून आवाज मात्र दुरून, पाण्यापलीकडून यावा तसा. मध्येच एक कोवळा गळा. शब्द कळले नाहीत. कळले. खोटं कशाला लिहू.

अल्वाला सांगितलं नाही.

२८ मे

तो गेला.

मी ओपलकडे दूध आणायला गेले होते. परत आले तर भिंत रिकामी. त्याची रायफल, शेवटचा डबा, दोन्ही नाही. टेबलावर अंडी होती तशीच. मी धावत चढले. त्याचे बूट उमटले होते ओढ्यापर्यंत. पुढं पांढरी वाळू, आणि पुढं काही नाही.

खीळ लपवून मी त्याला वाचवणार होते!

३० मे

आज स्मृतिदिन. सगळं गाव थडग्यांवर फुलं वाहायला गेलं. ग्रोव्हर आणि क्लबातले लोक मात्र टेकडी धुंडाळत होते. त्यांना काही सापडत नाही. ग्रोव्हर हळूच म्हणाला, 'दुःखी माणूस होता, व्हर्ना, बंदूक घेऊन गेला, तू समजून घे.' त्याच्या बुटाशी पुंगळ्या पडल्या होत्या आणि तो त्यांवरून चालत गेला. त्याला दिसल्याच नाहीत.

मी वेचल्या. ह्या दोन रायफलींच्या आहेत. अल्वाच्या रायफलीचा ओरखडा मला पाठ आहे.

जिवंत आहे. दोघं मिळून लढताहेत आणि हटताहेत. कुंपणापासून थोडंच अंतर राहिलंय.

पिठातून खीळ काढली.

१ जून

दांडा एकटीनं ओढते. सगळं अंग टाकावं लागतं. पहिल्या दहांतल्या सहा वाकड्या. अल्वानं पाहिलं असतं तर म्हणाला असता, कोठाराच्या भिंतीलाही लागणार नाही नेम. भरलेली काडतुसं कुंपणाच्या खांबावर ठेवली. लगेच नाहीशी. बार झाले. आज ते कुंपणापाशीच टिकले.

चालतं. माझ्या हातानं चालतं.

२ जून

शिसं. ग्रोव्हर देत नाही. म्हणाला, झोप घे. ओपलनं तिच्या घरी राहायला बोलावलं. कशी जाऊ? तो कुंपणाशी आहे. मी गेले तर त्याला कोण—

घड्याळाची वजनं कापली. शिसं नव्हतंच, लोखंड निघालं.

३ जून

अंगणात. कपड्यांच्या दोरीखाली पुंगळ्या.

त्यांच्यामागून जे येतंय त्याचे पाय ऐकू येतात. खूप आहेत. ओल्या वाळूतले.

मर्लचा आवाज सकाळपासून नाही. ओरखडा एकच. अल्वाचा.

४ जून

दुपार. मागच्या पायरीवर पुंगळी घरंगळलेली ऐकली.

तो दाराला पाठ लावून उभा आहे. फळीतून त्याचा श्वास येतो. म्हणाला, दार उघडू नकोस, व्हर्ना, काही झालं तरी. खिडकीतून दे. मी विचारलं, मर्ल? तो म्हणाला, पोरगं दमलं होतं.

मग म्हणाला, 'अजून दे.'

एक आहे. एकच काडतूस भरून झालंय, वाकडं. भांड्यात शिसं नाही, खरवडून पाहिलं, तळ लागलाय. त्याला सांगावं लागेल. ते कोठारापर्यंत आलेत. तो पुन्हा मागतोय, हळू आवाजात, मला भीती वाटू नये म्हणून हळू. सांगते. अल्वा, ऐक, हे शेवटचं—

नको, सांगत नाही. ते घेऊन खिडकीतून हात बाहेर काढते. त्याचं बोट लागलं, पट्टी अजून माझीच बांधलेली. ओली आहे. मी म्हटलं भरतेय, आणतेच, तू जरा वेळ धर, मी इथंच आहे, मी कुठं जात ना—