कोरड्या बोटाची सही

३ मार्च, सोमवार
आजपासून कागद बंद. आमच्या दवाखान्याच्या धुलाईघरात कारकून येऊन सांगून गेला — आता सगळं ईमेलवर येणार, सही मोबाइलवर बोटानं करायची. "पेनची गरजच नाही, मावशी." मी म्हटलं, पेननं सही शिकेपर्यंत चाळिशी आली, आता बोटानं शिकायला म्हातारपण लागेल. हसला. या लोकांना हसायचा पगार वेगळा मिळतो की काय! सगळ्यांचे ईमेल त्यानंच उघडून दिले.

५ मार्च
आला ईमेल. बावीस पानं. वर लिहिलंय — नीट वाचून, समजून सही करावी. मुदत आज चारपर्यंत.

धुलाईला आम्ही सात जणी. सहा जणी पाण्यात, मी इस्त्रीवर. त्यांची बोटं ओली, सुरकुतलेली. फोन जुमानेच ना. आमच्यातल्या थोरलीनं बोट पुसलं, फुंकर मारली, तरी सहीच्या चौकोनात नुसता एक ठिपका. कारकून दारात उभा — "आटपा, साडेतीन झाले."

मला असला घोळ बघवत नाही. म्हटलं, आणा इकडे सगळे फोन. दिवसभर गरम कापडावर फिरणारं माझं बोट, खडखडीत कोरडं. इस्त्री उभी केली आणि एकेकीचं नाव टाकत गेले. खाली सवयीनं रेघ आणि दोन ठिपके. दर वेळी हिरवी खूण यायची — अभिनंदन, आपण सर्व मजकूर वाचून मान्य केला आहे. सात फोन, पाच मिनिटं. इतकं भरभर वाचता येत असतं तर शाळा कशाला सुटली असती?

चष्मेवाली म्हणाली, "अगं, पण त्यात लिहिलंय काय?"
"चारच्या आत कळलं तर सांगते."

६ मार्च
थोरलीनं डब्यातलं अर्धं मला वाढलं. सहीबद्दल म्हणे.

९ मार्च, रविवार
लेक आली होती. तिला कौतुकानं फोन दाखवला — बघ माझी सही. ती सही सोडून पानंच वाचत बसली. शिकलेल्यांची ही एक खोड. सतराव्या पानावर थांबली. "आई, तू नोकरी सोडलीस?"

लिहिलंय असं — मी स्वखुशीनं कायमची नोकरी सोडते आणि एक तारखेपासून ठेकेदाराकडे रोजंदारीवर जाते. त्याला वाटलं तर ठेवेल, नाहीतर घरी.

स्वखुशीनं म्हणे! एकोणीस वर्षं यांच्या चादरींच्या सुरकुत्या काढल्या. माझी गेली ती गेली, सहा जणींचीही माझ्याच बोटानं गेली.

१० मार्च
सगळ्यांना सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सगळ्या फिरत्या यंत्राकडे बघत राहिल्या. आमच्यातली बडबडीसुद्धा. मग म्हणाली, "पोरीचं शेवटचं वर्ष आहे गं." बस, एवढंच.

तशीच साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "सही तुमचीच ना, बाई? मग विषय संपला. कायद्यानं पक्की असते ती."
"माझीच. सातही माझ्याच."
"म्हणजे?"
"काढा सगळे कागद. रेघ बघा, ठिपके मोजा."

सात रेघा, चौदा ठिपके. साहेबांचा चेहरा धुतल्या चादरीसारखा. कारकुनाला बोलावलं. तो घाईघाईनं म्हणाला, "मी काही केलं नाही साहेब, मी नुसता दारात उभा राहून बघत होतो." झालं! साक्षीदारही त्यांचाच.

बाहेर थोरली म्हणाली, "खोट्या सहीपायी तुला पोलिसात देतील."
म्हटलं, देऊ देत. तिथल्या चादरी कोण इस्त्री करतं बघू.

१४ मार्च
दवाखान्याचे वकील आले. एकीची सही दुसरीनं केलेली चालत नाही, आणि हे प्रकरण बाहेर गेलेलं दवाखान्यालाही परवडत नाही. सहा जणींचे कागद रद्द. नोकऱ्या आहेत तशा. थोरलीनं ओल्या हातांनी मिठी मारून माझी पाठ भिजवली. रागावले नाही.

१५ मार्च
वकिलांचा ईमेल. माझा कागद रद्द होत नाही — सातांत तेवढी एकच सही खरी आहे. खाली चौकोन, पोचल्याची सही करा.

बोट पाण्यात बुडवून बसले आहे.