कापूस केक्को देस

५ जानेवारी १९३६
हिरालालशेठनी आज कापसाच्या जीनमधल्या ऑफिसात बोलावून घेतलं. पुढच्या आठवड्यात मोरिता नावाचे जपानी साहेब आमची रुई पाहायला येणार. फाटकावर 'आमचा कापूस एक्सलंट आहे' असा जपानी बोर्ड हवा. "तुमाले जपानी येते नं, भगवंतराव?" दिवाळीत मी तसं बोललो होतो खरा. ओघात. आता कारकुनांसमोर नाही कसं म्हणणार? हो म्हणालो. काम जमलं तर मुंबईला एजंट म्हणून पाठवणार! लगेच जपानी शिकायचं पुस्तक मागवलं.

९ जानेवारी
पुस्तक आलं. चाळलं. भाषा सोपी आहे.
एक्सलंटला चार शब्द! कौतुकाच्या बाबतीत हे लोक उधळे दिसतात. 'सुबाराशी': पंचांग वाचल्यासारखं वाटतं. 'रिप्पा': कानाखाली वाजवल्यासारखं. 'मिगोतो': यात सुरुवातीलाच 'मी'. जाहिरातीत नम्रता हवी. 'केक्को' मात्र सभ्य लोक वापरतात, असं पुस्तकच म्हणतं. केक्को फायनल.

१० जानेवारी
वाक्यही तयार. 'जेवणाच्या टेबलावर' या धड्यात 'चहा केक्को देस' होतं; देस म्हणजे 'आहे'. चहा काढला, कापूस घातला. पेंटरने अक्षरं हुबेहूब उतरवली.
बायको म्हणाली, कोणाले तरी इचारून घ्या. कोणाला विचारणार? वाशीम ते अकोला जपानी जाणणारा मी एकटा! तिने शेळी बहिणीला देऊन टाकली. मुंबईत बांधणार कुठे? मी अडवलं नाही.

१३ जानेवारी, दुपार
साहेबांना जऊळक्याच्या स्टेशनावरून मोटारीने आणलं. फाटकाशी साहेब थबकले. बोर्ड दोनदा वाचला. मला जपानीत काहीतरी विचारलं. मी कमरेत वाकून हो म्हणालो, "हाई! केक्को देस!" साहेब मोटारीकडे परत वळले. भारावले असावेत. शेठजींनी हात धरून जेवायला नेलं.
निखाऱ्यावर भाजलेले जाडजूड रोडगे, वांग्याची भाजी, वरून तूप. दोन रोडगे झाल्यावर साहेबांनी पानावर हात आडवा धरला. म्हणाले, "केक्को देस." माझाच शब्द! मी ओरडून सांगितलं, साहेबांना एक्सलंट वाटलं, वाढा. वाढलं. पुन्हा "केक्को", जरा मोठ्याने. पुन्हा वाढलं. पंगत चालू असतानाच हे लिहितोय.

तोच दिवस, संध्याकाळ
पाचव्या रोडग्याला साहेब उठून उभे राहिले आणि चक्क वऱ्हाडीत म्हणाले, "बस करा नं बाप्पा! मारता काय मले?"
अकोल्याच्या कापूसबाजारात त्यांनी कितीतरी हंगाम काढले आहेत म्हणे. हे आधी कोणी सांगायला नको?
मग साहेबांनी शेठजींना सगळं समजावलं. केक्को म्हणजे उत्तम, हे खरं. पण 'अमुक केक्को देस' म्हटलं की अर्थ 'पुरे, नको'. "फाटकावर लिवलं हाय, आमाले कापूस नको. मंग मी कायले आलो?" शेठजी माझ्याकडे वळले. मी म्हणालो, अर्थ दोन्ही होतात.
साहेबांनी शेवटी स्वतःच ढिगातून रुई ओढली, बोटांत ताणून पाहिली आणि सौदा केला. म्हणजे बोर्डामुळे नुकसान शून्य. हे शेठजींच्या लक्षात कसं आणून द्यावं?
निघताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. जपानी कोणाकडून शिकलात, विचारलं. सेल्फ-स्टडी, म्हणालो. "कोनाले सांगू नका," म्हणाले. जपानी लोक फार विनयशील.

१५ जानेवारी
मुंबईला वजनकाट्यावरचा गोविंदसिंग चालला. तो सबंध दिवसात चार शब्द बोलत नाही. मी शेठजींना तसं म्हणालोही. शेठजी म्हणाले, "म्हनूनच."
घरी सांगितलं. बायको चुलीपाशी बसली होती. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "येत नसल्यावर येते म्हून काहून सांगता जी तुमी?"
मी म्हणालो, "केक्को देस." या वेळी 'पुरे' या अर्थी.